केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत

लंडनला जाणारा आपल्याकडचा मनुष्य राजवाडा पाहतो, पार्लमेंटचे घड्याळ पाहतो, वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये मिस्सा ऐकतो आणि समाधानाने परततो. दफनभूमी पाहण्यासाठी कोणी मुद्दाम वाट वाकडी करीत नाही. आम्हीही केली नसती. परंतु ज्या वसईकर कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता, त्या घरच्या काकींनी ऑक्टोबरातल्या एका रविवारी ख्रिस्तयागाहून परतताना सहज विचारले, "दुपारी सिमेटरी बघायला याल का? इथं लोक वाटाड्या घेऊन थडगी बघत हिंडतात." आम्हाला हसू आले. नोव्हेंबर महिना तोंडावर आला होता, गावी असतो तर कबरींवरचे गवत काढण्याचे हेच दिवस. म्हणून आम्ही निघालो. त्या दुपारी जे पाहिले आणि जो एक प्रश्न आम्हाला विचारला गेला, त्याविषयी लिहिण्याचे योजिले आहे.

केन्सल ग्रीनची दफनभूमी लंडनच्या वायव्य भागात हॅरो रोडला लागून आहे. दक्षिणेच्या बाजूने कालवा वाहतो. दगडी कमानीतून आत गेले की एक रुंद, सरळ रस्ता मध्यावरच्या अँग्लिकन प्रार्थनामंदिराकडे जातो. मंदिर ग्रीक धर्तीचे, खांबांच्या रांगांचे. तेथे पंधराएक माणसे जमली होती. वाट दाखविणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. दफनभूमीची काळजी वाहणाऱ्या स्वयंसेवकांपैकी त्या एक. हातात काठी, पायात चिखलाचे बूट आणि आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा.

त्यांनी पहिल्यांदा थडगी दाखविलीच नाहीत. ही जागा का निर्माण झाली ते सांगितले.

१८०१ साली लंडनची वस्ती दहा लाखांहून थोडी कमी होती. १८५१ साली ती तेवीस लाखांवर गेली. माणसे वाढली, पण त्यांना पुरण्याची जागा मात्र तीच राहिली: चर्चभोवतीचे लहानसे आवार. शतकानुशतके त्याच मातीत पिढ्यांवर पिढ्या निजल्या होत्या. आता जुनी कबर उकरल्याशिवाय नवी खणता येईना. शवपेट्या कुजण्याआधीच बाहेर येऊ लागल्या. स्ट्रँडजवळच्या एनन चॅपेल नावाच्या प्रार्थनागृहाची हकीकत तर अंगावर काटा आणणारी आहे. १८२३ साली उघडलेल्या या जागेच्या तळघरात पुढच्या वीसएक वर्षांत सुमारे बारा हजार मृतदेह कोंबले गेले, असे सांगतात. वर लाकडी फळ्यांची जमीन, तिच्यावर प्रार्थनेला बसलेले भाविक आणि खाली हे! जॉर्ज वॉकर नावाच्या एका डॉक्टरने १८३९ साली लंडनच्या या दफनस्थळांवर एक ग्रंथच लिहिला आणि शहरात खळबळ उडाली. तत्पूर्वी १८३१-३२ साली पटकीची साथ येऊन गेलीच होती. कुजक्या हवेतून रोग पसरतो अशी तेव्हाची समजूत होती. ती चुकीची होती हे पुढे सिद्ध झाले, परंतु त्या चुकीच्या समजुतीतून एक योग्य काम झाले. मृतांना शहराबाहेर मोकळी जागा द्यावी, हा विचार रुजला.

पॅरिसने १८०४ साली पेर लाशेझ ही उद्यानासारखी दफनभूमी उघडली होती. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन जॉर्ज कार्डेन नावाच्या बॅरिस्टरने लंडनमध्ये खटपट केली. १८३२ साली पार्लमेंटने कायदा करून एका खाजगी कंपनीला दफनभूमी चालविण्याचा अधिकार दिला आणि २४ जानेवारी १८३३ रोजी लंडनच्या बिशपांनी केन्सल ग्रीनच्या जमिनीला आशीर्वाद दिला. पुढच्या आठ वर्षांत लंडनभोवती अशा आणखी सहा दफनभूमी उघडल्या. कार्ल मार्क्सच्या कबरीमुळे प्रसिद्ध असलेली हायगेटची दफनभूमी (१८३९) त्यांपैकीच एक. १८५२ साली नवा कायदा झाला आणि शहरातील जुनी चर्चची आवारे टप्प्याटप्प्याने बंद झाली.

"लक्षात घ्या," बाई म्हणाल्या, "तोपर्यंत मेलेला माणूस त्याच्या धर्मग्रामाचा असे. यानंतर तो गिऱ्हाईक झाला."

वाक्य कठोर होते, पण त्याचा पुरावा कायद्यातच होता. ज्या धर्मग्रामातून मृतदेह केन्सल ग्रीनला येई, तेथील अँग्लिकन पाळकाला कंपनीने ठरावीक नुकसानभरपाई द्यावी, अशी तरतूद १८३२च्या कायद्यात केली होती. पाळकाचे दफनशुल्क बुडू नये, एवढाच तिचा हेतू.

मग आमची पावले चालू लागली. मंदिरासमोरच ड्यूक ऑफ ससेक्सची कबर आहे. राजा तिसरा जॉर्ज याचा हा मुलगा. विंडसरच्या राजघराण्याच्या कबरी सोडून त्याने येथे निजणे पसंत केले आणि १८४३ साली त्याला येथे पुरले. कबरीवर ग्रॅनाइटची साधी, जड शिळा आहे. पाच वर्षांनी त्याची बहीण सोफिया हीही समोरच विसावली. राजपुत्र आल्यावर श्रीमंत मागे राहतात थोडेच! मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्मारकांची जणू चढाओढच लागली. अँड्र्यू ड्युक्रो हा सर्कशीतला घोडेस्वार १८४२ साली वारला. त्याचे थडगे म्हणजे रंगीत इजिप्शियन देऊळच, दाराशी स्फिंक्स बसलेले. जवळच जॉन सेंट जॉन लाँग नावाच्या भोंदू वैद्याचे स्मारक आहे. आपल्या मलमाने क्षय बरा होतो, असे तो सांगे. एका रुग्णाच्या मृत्यूबद्दल १८३० साली न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. १८३४ साली तो स्वतःच क्षयाने गेला आणि तरीही त्याच्या चाहत्या रुग्णांनी हे स्मारक उभारले. आमच्यातला एक तरुण मोठ्याने हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. "ज्यांना दुसरी कुठलीच आशा नव्हती, त्यांनी हे बांधले," एवढेच त्या म्हणाल्या.

दगडांची भाषा त्यांनी समजावून सांगितली. मध्येच तुटलेला खांब म्हणजे अकाली सरलेले आयुष्य. उलटी धरलेली मशाल म्हणजे विझलेली प्राणज्योत. नांगर म्हणजे आशा. कापडाने अर्धवट झाकलेला कलश सर्वत्र दिसे, क्रूस मात्र सुरुवातीच्या वर्षांच्या थडग्यांवर विरळाच. हे आम्ही बोलून दाखविले, तेव्हा बाईंनी ऑगस्टस प्युजिन या वास्तुशिल्पकाराचा उल्लेख केला. तरुणपणी कॅथलिक झालेल्या या माणसाने १८४३ सालच्या आपल्या पुस्तकात अशा कंपन्यांच्या दफनभूमीच्या इजिप्शियन प्रवेशद्वाराचे चित्र काढून तिची टर उडविली होती. ख्रिस्ती माणसाच्या कबरीवर पुनरुत्थानाची खूण नसावी आणि फॅरोच्या देशाची मात्र असावी, याचे त्याला दुःख होते.

याच आवारात पूल आणि रेल्वेमार्ग बांधणारा ब्रुनेल (१८५९) आहे, कलकत्त्यात जन्मलेला कादंबरीकार थॅकरे (१८६३) आहे आणि गणकयंत्राची कल्पना मांडणारा बॅबेज (१८७१) आहे. आपल्या देशाचे एक मोठे नावही येथे आहे: रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर. १ ऑगस्ट १८४६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांना येथे पुरण्यात आले. दूर देशी निधन पावलेल्या त्या बंगाली पुरुषापाशी आम्ही क्षणभर मनोमन थांबलो.

मंदिराखाली तळघर आहे. प्रार्थना संपताच शवपेटी पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने हळूहळू जमिनीखाली उतरे, शोकाकुल मंडळींना ओझे वाहावे लागत नसे. १९९७ साली ते यंत्र दुरुस्त करण्यात आले. हे सारे पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. या चोपन्न एकरांपैकी एकोणचाळीस एकर आशीर्वादित, म्हणजे अँग्लिकनांसाठी आणि उरलेले पंधरा एकर पूर्व टोकाला, राजमान्य चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंटांसाठी. त्यांचे प्रार्थनामंदिरही निराळे. आणि या दोन्ही भागांत, रस्त्यापासून दूर, गरिबांच्या सामाईक कबरी. एकाच खोल खड्ड्यात एकमेकांशी काही नाते नसलेली अनेक माणसे. वर दगड नाही, नाव नाही. ज्यांनी पैसे मोजले त्यांना जागा "कायमची" मिळाली. आता त्या कायमच्या जागांकडे पाहावे, तर खांब कललेले आहेत, देवदूतांचे हात गळालेले आहेत, मुळांनी शिळा उचलल्या आहेत. कारण साधे आहे. कंपनीला पैसा मिळे तो जागा विकताना, एकदाच. आणि गवत तर दरवर्षी उगवते. घराणी संपली किंवा पांगली, की कबर कोणाचीच राहत नाही.

फेरी संपली. निरोप घेताना बाईंनी आम्ही कोठले ते विचारले. मुंबईजवळचे, कॅथलिक, असे सांगताच त्या म्हणाल्या, "मग शेजारी जाऊन या. तुमची माणसे तिकडे आहेत." आणि लगेच, बोलण्याच्या ओघात, "तुमच्या आजोबांची कबर कुठे आहे?"

"आमच्या गावच्या चर्चच्या आवारात," आम्ही म्हणालो.

"हो, पण कुठे? कितवी रांग?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.

शेजारचे आवार सेंट मेरीज कॅथलिक दफनभूमीचे. ही १८५८ साली उघडली. एकोणतीस एकर. दोन दफनभूमींना लागून असलेली हद्द आम्ही ओलांडली, तेव्हा मनात एक जुना इतिहास जागा झाला. धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमधील कॅथलिकांना स्वतःची दफनभूमीच उरली नव्हती. त्यांना अँग्लिकन आवारातच आणि अँग्लिकन विधीनेच पुरावे लागे. म्हणून धर्मगुरू घरीच गुपचूप प्रार्थना म्हणत, मूठभर माती आशीर्वादित करीत आणि ती शवपेटीत ठेवीत. बाहेर कोणीही काही म्हणो, आत आपली माती असे. लंडनचे कॅथलिक त्या काळी सेंट पँक्रसच्या जुन्या चर्चच्या आवारात विसावणे पसंत करीत. १८२९ साली कॅथलिकांना बहुतेक नागरी हक्क मिळाले, १८५० साली बिशपांची परंपरा पुन्हा स्थापन झाली आणि त्यानंतर आठ वर्षांनी ही उघडी, हक्काची भूमी मिळाली. अँग्लिकन आवारात इतर पंथीयांना आपापल्या विधीने दफन करण्याची मुभा तर १८८० सालच्या कायद्याने आली.

१८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंड सोडून लाखो माणसे परागंदा झाली. त्यांपैकी लंडनला आलेल्यांनी गोद्या बांधल्या, रेल्वेसाठी माती उपसली, विटा वाहिल्या. या भूमीत अशा कष्टकऱ्यांच्या पिढ्या निजल्या आहेत. येथे क्रूसांची वाण नाही. क्रूसांच्या ओळींमागून ओळी, दाटीवाटीने, अगदी आपल्याकडच्यासारख्या. वेस्टमिन्स्टरचे पहिले आर्चबिशप कार्डिनल वाइजमन यांना १८६५ साली याच मातीत ठेवले गेले. १८८९ साली गोदी कामगारांच्या संपात मध्यस्थी करणारे कार्डिनल मॅनिंग यांनाही १८९२ साली. पुढे कॅथीड्रल उभे राहिल्यावर १९०७ साली दोघांचेही अवशेष तेथे हलविण्यात आले. त्याच १९०७ साली, नोव्हेंबरात, कवी फ्रान्सिस थॉम्पसन येथे आला. लंडनच्या रस्त्यांवर भिकाऱ्यासारखे दिवस काढलेला आणि देव माणसाचा पाठलाग कसा करतो हे गाणारा हा कवी. कार्डिनल गेले, कवी गरिबांसोबत राहिला.

परंतु काकींना दाखवायची होती ती दुसरीच एक कबर. मेरी सीकोल हिची.

मेरीचा जन्म १८०५ साली जमैकातील किंग्स्टन येथे झाला. वडील स्कॉटिश सैनिक, आई कृष्णवर्णीय, झाडपाल्याची औषधे जाणणारी. क्रिमियाचे युद्ध सुरू झाल्यावर मेरीने लंडनला येऊन परिचारिका म्हणून सेवा देऊ केली. तिला नकार मिळाला. तेव्हा ती स्वतःच्या पैशाने रणभूमीकडे निघाली आणि १८५५ साली बालाक्लाव्हाजवळ सैनिकांसाठी विश्रामगृह थाटून जखमींची शुश्रूषा करू लागली. युद्ध संपले, तेव्हा ती कर्जबाजारी झाली होती. १८५७ साली तिच्या मदतीसाठी लंडनमध्ये चार दिवसांचा मोठा उत्सव झाला. त्याच वर्षी तिचे आत्मचरित्र निघाले. पुढे तिने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १४ मे १८८१ रोजी ती वारली आणि तिच्या इच्छेप्रमाणे कॅथलिक दफनभूमीत तिला पुरण्यात आले.

आणि मग जग तिला विसरले. एकदोन वर्षे नव्हे, जवळजवळ शतकभर. १९७३ साली परिचारिकांच्या एका निधीने आणि लंडनमधील जमैकन स्त्रियांनी पुढाकार घेऊन तिच्या कबरीची डागडुजी केली. तिच्याच बेटावरच्या, तिच्याच पेशातल्या बायकांनी! त्यानंतर तिचे पुस्तक पुन्हा छापले गेले, शाळांत तिचे धडे आले आणि २०१६ साली टेम्सकाठच्या सेंट थॉमस इस्पितळाच्या आवारात तिचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याआधी त्रेचाळीस वर्षे कबर झाडली गेली होती, हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

काकींनी पिशवीतून मेणबत्ती काढून लावली. वाऱ्याने ती दोनदा विझली. आम्ही "आमच्या बापा" म्हटले आणि निघालो.

परतीच्या वाटेवर मन मुंबईकडे गेले. कारण आपल्याकडेही त्याच शतकात, त्याच कारणाने हेच घडले होते. गिरगावातील सोनापूरची जुनी दफनभूमी अपुरी पडल्यावर, म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात १८६५च्या सुमारास शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी सुरू झाली. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस उभारणारे स्टीव्हन्स (१९००) तेथे आहेत आणि आपले काका बॅप्टिस्टाही तेथेच आहेत. माझगावच्या माथारपाखाडीचे हे ईस्ट इंडियन बॅरिस्टर टिळकांचे सहकारी, कामगारांचे पुढारी, १९२५ साली मुंबईचे महापौर. १९३० साली ते गेले. आपल्या किती मुलांनी त्यांची कबर पाहिली आहे?

वसईच्या किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत पोर्तुगीज घराण्यांचे कोरीव थडग्यांचे दगड आहेत. नावे वाचता येतात, पण त्यांच्यासाठी मिस्सा मागणारे कोणी उरले नाही. उलट आमच्या धर्मग्रामांत मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांची कमतरता नाही. नोव्हेंबरात नावांचे लिफाफे वेदीपाशी साचतात. २ तारखेला संध्याकाळी दफनभूमी दिव्यांनी उजळते. पण जागा अपुरी म्हणून कबर काही वर्षांनी पुन्हा उघडली जाते, अस्थी कोपऱ्यातल्या खड्ड्यात किंवा भिंतीतल्या कोनाड्यात जातात, नवा क्रूस लागतो आणि जुने नाव पुसले जाते. यात आम्हाला कमीपणा वाटत नाही. एकाच मातीत शेतकरी, मच्छीमार, शिक्षक, धर्मगुरू पाळीपाळीने निजतात, हे सामाईकपण केन्सल ग्रीनच्या कायमच्या जागांहून अधिक ख्रिस्ती आहे, असेच आम्ही म्हणू. पण तिकडे नाव आहे आणि माणूस नाही, इकडे माणूस आहे आणि नाव नाही. मृतांना मूठमाती देणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक, असे आपण धर्मशिक्षणात शिकलो. २०२०-२१ च्या महामारीत जेव्हा मोजक्याच माणसांना अंत्यविधीला उभे राहता येई, तेव्हा त्या कृत्याची किंमत कळली. मूठमाती दिल्यावर नाव जपणे हाही त्याच कृत्याचा उत्तरार्ध नव्हे काय?

गावी परतल्यावर आम्ही चर्चच्या कार्यालयात गेलो. धर्मगुरूंनी मृतांची जुनी नोंदवही काढून दिली. आजोबांचे नाव सापडले: तारीख, वय, अखेरचे संस्कार मिळाल्याची नोंद. जागेचा उल्लेख नव्हता. मग आम्ही आत्याला घेऊन दफनभूमीत गेलो. तिचे वय आता ऐंशीच्या पुढे. मोठ्या क्रूसापाशी ती थांबली, उजवीकडे वळली, पावले मोजली आणि म्हणाली, "इथं ताडाचं झाड होतं. त्याच्या मुळाशी बाबा." झाड नव्हते. तेथे दुसऱ्या कुटुंबाचा नवा क्रूस होता, त्यावर ताजी फुले होती. आत्याने त्या कबरीवरही क्रूसाची खूण केली.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही एक वही केली. आत्याला आठवतात तेवढी माणसे, त्यांच्या जागा आणि कोण कोणाच्या शेजारी, एवढेच तिच्यात लिहितो आहोत. येत्या नोव्हेंबरात धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन आमच्या दफनभूमीतून एक फेरी काढावी, असे धर्मगुरूंशी बोलून ठरविले आहे. वाट आत्या दाखवील. वाचकांनीही आपापल्या धर्मग्रामात अशी एखादी आत्या आहे तोवरच तिला विचारून घ्यावे, एवढीच विनंती.